खोट्याची रात्रपाळी

ठाण्यातल्या वर्तकनगरहून कापूरबावडी गाठून घोडबंदर रस्त्याला लागले, की येऊरचा डोंगर डाव्या हाताला ठेवत रस्ता गायमुखच्या घाटातून काशिमीऱ्याला आणि तिथून मिरा रोडला पोचतो. ऑक्टोबर २०१६ च्या पहिल्या आठवड्यात ठाणे पोलिसांनी मिरा रोडमधल्या काही कॉल सेंटरवर रात्री एकाच वेळी छापे घातले. वेळ रात्रीची, कारण अमेरिकेत तेव्हा दिवस असतो आणि तिथली ऑफिसे भरात असतात. खुर्च्यांच्या रांगा, कानाला हेडफोन, समोर छापील कागद आणि फोनवर अमेरिकी ढंगाचे इंग्रजी बोलणारी तरुण मुले-मुली, असे ते दृश्य होते. साडेसातशेहून अधिक जणांना पोलिसांनी ताब्यात घेतले. त्यांपैकी सुमारे सत्तर जणांना अटक झाली, बाकीच्यांना चौकशी करून, नोटिसा देऊन सोडण्यात आले.

फसवणुकीची पद्धत साधी होती. अमेरिकेतल्या कुणाला तरी फोन जायचा. बोलणारा स्वतःला तिथल्या आयकर खात्याचा अधिकारी म्हणवायचा. तुम्ही कर बुडवला आहे, तुमच्यावर खटला दाखल झाला आहे, थोड्याच वेळात पोलीस दारात येतील, आत्ताच्या आत्ता पैसे भरलेत तरच सुटाल, असे सांगायचा. घाबरलेल्या माणसाला फोन न ठेवता जवळच्या दुकानात जायला लावायचे, तिथून आयट्यून्ससारखी गिफ्ट कार्डे विकत घ्यायला लावायची आणि कार्डाच्या मागचे आकडे फोनवर वाचून घ्यायचे. आकडे वाचून झाले, की पैसे गेले. म्हातारी माणसे आणि परदेशातून तिथे नव्याने स्थायिक झालेली कुटुंबे या जाळ्यात जास्त सापडली. याच प्रकारच्या, अहमदाबादच्या कॉल सेंटरशी जोडलेल्या एका प्रकरणात २०१८ च्या जुलैमध्ये अमेरिकी न्यायालयाने २१ जणांना शिक्षा ठोठावल्या. त्यातली सर्वांत मोठी वीस वर्षांची होती. मिरा रोड प्रकरणातला मुख्य संशयित दुबईहून परतताना एप्रिल २०१७ मध्ये मुंबई विमानतळावर पकडला गेला.

टोळीचा सूत्रधार पैशासाठी फसवतो, हे कुणालाही कळते. जास्त अस्वस्थ करतात ती खुर्च्यांवर बसलेली शेकडो मुले. त्यांतली बहुतेक सराईत गुन्हेगार नव्हती. कॉल सेंटरची नोकरी लागली म्हणून घरी पेढे वाटले गेले असतील, अशा घरांतली होती. संध्याकाळी डबा घेऊन निघायचे, रात्रभर अनोळखी म्हाताऱ्यांना धमकावायचे आणि सकाळी येऊन झोपायचे, हे त्यांना जमले कसे? खोटेपणाचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांनी गेल्या तीस वर्षांत जे शोधून काढले आहे, त्यातले बरेचसे या एका प्रश्नापाशी उपयोगी पडते.

आधी रोजच्या खोट्याविषयी. ठाण्यात स्टेशनवर कुणी वाट पाहत उभे असते, फोन येतो आणि घरात चपला शोधणारा माणूस बिनदिक्कत सांगतो, ‘कॅडबरी जंक्शनला पोचलोय, दहा मिनिटांत आलो.’ भेट आलेली साडी आवडली नाही तरी ‘छान आहे हो’ म्हटले जाते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बेला डीपॉलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ७७ विद्यार्थी आणि ७० इतर नागरिक यांना आठवडाभर एक वही दिली आणि आपण बोललेले प्रत्येक खोटे तिच्यात टिपून ठेवायला सांगितले. विद्यार्थ्यांच्या वह्यांत दिवसाला सरासरी दोन आणि इतरांच्या वह्यांत दिवसाला सरासरी एक खोटे निघाले. बहुतेक खोटी किरकोळ होती आणि बोलणाऱ्यांना त्यांची फारशी टोचणीही लागलेली नव्हती.

यावरून ‘सगळेच रोज खोटे बोलतात’ हे वाक्य जगभर पसरले. ते अर्धवट आहे. किम सेरोटा, टिम लेव्हीन आणि फ्रँकलिन बॉस्टर यांनी २०१० मध्ये एक हजार अमेरिकी प्रौढांना फक्त गेल्या चोवीस तासांविषयी विचारले, तेव्हा सुमारे साठ टक्के लोकांनी एकही खोटे बोलल्याचे सांगितले नाही. जी खोटी निघाली त्यांतली जवळजवळ निम्मी अवघ्या पाच टक्के लोकांच्या नावावर होती. म्हणजे सरासरी फसवी होती. थोडे लोक भरमसाट खोटे बोलतात, बाकीचे क्वचित बोलतात.

अर्थात, खोट्याविषयी विचारल्यावर माणूस खरे सांगेल याची खात्री काय? ही अडचण ओळखून स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी एक सुंदर युक्ती काढली. उर्स फिशबाखर आणि फ्रांत्सिस्का फोल्मी-होयझी यांच्या प्रयोगात प्रत्येकाने एकट्याने, कुणालाही न दाखवता फासा टाकायचा आणि पडलेला आकडा सांगायचा. एक सांगितला तर एक फ्रँक, दोनला दोन, असे करत पाचला पाच फ्रँक. सहाला मात्र काहीच नाही. कोण खोटे बोलला हे कधीच कळणार नव्हते. पण प्रत्येक आकडा साधारण सहातून एकदा, म्हणजे सतरा टक्के वेळा पडायला हवा, हे गणित ठरलेले आहे. प्रत्यक्षात पाच पडल्याचे सुमारे ३५ टक्के लोकांनी सांगितले, चार पडल्याचे सुमारे २७ टक्के लोकांनी, आणि सहा पडल्याचे जेमतेम सहा टक्के लोकांनी.

या आकड्यांतला चार सगळ्यांत बोलका आहे. खोटेच बोलायचे आणि पकडले जायची भीतीही नाही, तर पाच का सांगू नये? कारण माणसाला पैसे तर हवेत, शिवाय स्वतःच्या नजरेत बरेही राहायचे आहे. चार सांगणारा मनाशी हिशेब मांडतो, की मी काही अगदीच लबाड नाही. त्याच प्रयोगात जवळजवळ चाळीस टक्के लोक पूर्ण खरे बोलले, असा संशोधकांचा अंदाज आहे. पुढे अशा नव्वद अभ्यासांची माहिती एकत्र केली गेली. त्यांत ४७ देशांतले ४४ हजारांहून अधिक लोक होते. खोटे बोलून जेवढा फायदा उपटता आला असता, त्यातला सरासरी तीन चतुर्थांश लोकांनी सोडून दिला होता. कुणीही बघत नसताना सोडून दिला होता. माणसाच्या लबाडीवर एवढे बोलले जाते, तर त्याच्या या सोडून देण्यावरही बोलले गेले पाहिजे.

मग मिरा रोडच्या खुर्चीवर बसलेल्या मुलाचे काय बिनसले?

योगायोग असा, की पोलिसांचे छापे पडले त्याच महिन्यात, ऑक्टोबर २०१६ मध्ये, ‘नेचर न्यूरोसायन्स’ या नियतकालिकात लंडनमधल्या नील गॅरेट, ताली शॅरॉट आणि सहकाऱ्यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. त्यांनी लोकांना नाण्यांनी भरलेल्या बरणीचे मोठे, स्वच्छ छायाचित्र दाखवले. आत किती रक्कम आहे, याचा अंदाज त्यांनी दुसऱ्या खोलीतल्या जोडीदाराला कळवायचा. जोडीदाराला तेच चित्र लहान आणि अस्पष्ट दिसते, असे त्यांना सांगितले होते. काही फेऱ्यांत खरा अंदाज दिल्याने दोघांचाही फायदा होता. काही फेऱ्यांत मात्र रक्कम फुगवून सांगितली, तर स्वतःला जास्त आणि जोडीदाराला कमी मिळणार होते. अशा फेऱ्यांत लोकांनी आकडा फुगवला, आणि फेरीगणिक थोडा थोडा जास्त फुगवला. यांतल्या काहींच्या मेंदूचे चित्रणही चालू होते. भावनांशी निगडित असलेला ‘अमिग्डाला’ हा मेंदूचा लहानसा भाग पहिल्या खोट्याला जेवढा सळसळला, तेवढा पुढच्या खोट्यांना सळसळला नाही. त्याचा प्रतिसाद जितका घसरला, तितके पुढचे खोटे मोठे निघाले. खोट्यात स्वतःचे नुकसान असेल, तर मात्र ही चढती भाजणी दिसली नाही.

एका प्रयोगावरून सगळ्या माणसांबद्दल निकाल देऊ नये. तरीही ज्यांनी दुकानाच्या गल्ल्यावर, ऑफिसच्या बिलांत किंवा संस्थेच्या हिशेबात हळूहळू वाढत गेलेली अफरातफर पाहिली आहे, त्यांना ही वाटचाल ओळखीची वाटेल. सुरुवात लाखाने होत नाही. रिक्षाभाड्याच्या पावतीत पन्नास रुपये जास्त लिहिण्याने होते. त्या दिवशी छाती धडधडते. सहा महिन्यांनी धडधडत नाही.

कॉल सेंटर चालवणाऱ्यांनी शॅरॉट यांचा निबंध वाचलेला नव्हता, पण खोटे पचवायला सोपे कसे करायचे हे त्यांना पक्के ठाऊक होते. मुलाने काय बोलायचे हे आधीच लिहून दिलेले. समोरच्याने असे विचारले तर हे उत्तर, रडू लागला तर ते वाक्य. त्यामुळे खोटे ‘मी’ रचले, असे मुलाला वाटतच नाही. तो फक्त कागद वाचतो. त्याचे नाव बदललेले, कुठले तरी अमेरिकी नाव त्याला चिकटवलेले. ज्याला धमकावायचे तो तेरा हजार किलोमीटरवर, त्याचा चेहरा कधी दिसणार नाही. कामाचीही वाटणी केलेली. पहिल्याने घाबरवायचे आणि फोन पुढे द्यायचा. पुढच्याने, ज्याला तिथल्या भाषेत ‘क्लोजर’ म्हणत, पैसे वळते करून घ्यायचे. गिफ्ट कार्डांचे पैसे करणारे तिसरेच. म्हाताऱ्या बाईचे साठवलेले डॉलर नेमके कुणी लुबाडले, असे विचारले तर प्रत्येक जण शेजारच्या खुर्चीकडे बोट दाखवू शकतो. आणि शेजारच्या खुर्चीवर बसलेला तुमच्यासारखाच, तुमच्याबरोबर चहा पिणारा असतो. तो करतोय ते काम एवढे वाईट असेल, असे मन मानत नाही.

कॅनडात जन्मलेले मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँड्युरा यांनी माणूस आपल्या सदसद्विवेकाला बाजूला कसे बसवतो, याची अशीच लक्षणे नोंदवली आहेत. कृत्याला गोड नाव देणे, जबाबदारी वर ढकलणे किंवा सगळ्यांत वाटून टाकणे, परिणामाकडे पाठ फिरवणे, आणि ज्याला फसवायचे त्याला माणूस न मानणे. ‘श्रीमंत देशातले लोक आहेत, त्यांना काय फरक पडतो’ हे वाक्य या शेवटच्या दोन प्रकारांतले. यातली कुठलीही गोष्ट फक्त गुन्हेगारांच्या अड्ड्यावर घडते असे नाही. टार्गेट गाठण्यासाठी ज्येष्ठ ग्राहकाच्या गळ्यात नको ती विमा पॉलिसी मारणाऱ्या एजंटाच्या बोलण्यातही ती सापडते. फरक प्रमाणाचा आहे, आणि कायद्याच्या दृष्टीने तो फार मोठा आहे. मनाची वाट मात्र तीच.

भारतातला एक अभ्यास इथे सांगायलाच हवा. रेमा हन्ना आणि शिंग-यी वांग या अर्थतज्ज्ञांनी बंगळुरूमधल्या कॉलेज विद्यार्थ्यांना फासा ४२ वेळा टाकायला दिला आणि सांगितलेल्या आकड्यांप्रमाणे पैसे दिले. ज्यांचे आकडे संशयास्पदरीत्या चढे होते, त्यांचा ओढा सरकारी नोकरीकडे जास्त होता. हाच खेळ कर्नाटकातल्या सरकारी परिचारिकांसोबतही खेळला गेला. ज्यांनी फाशात जास्त लबाडी केली, त्या कामावर खोट्या सबबींनी जास्त गैरहजर राहिल्याचे आढळले. म्हणजे चार पैशांच्या खेळातली लबाडी आणि आरोग्य केंद्रातली रिकामी खुर्ची यांचा धागा जुळत होता. २०१७ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. सरकारी नोकरांना सरसकट दोष द्यायला तो वापरू नये. लबाडीला वाव असलेली जागा लबाडाला खेचून घेते, एवढेच तो दाखवतो. मिरा रोडच्या मजल्यांवर उलटी बाजूही दिसते. तिथे जागेनेच माणसे घडवली.

या क्षेत्रातली एक दुःखाची गोष्टही टाळता येणार नाही. २०१२ मध्ये एका गाजलेल्या निबंधाने सांगितले होते, की अर्जाच्या शेवटी सही घेण्याऐवजी सुरुवातीलाच ‘मी खरे लिहीन’ अशी सही घेतली तर लोक कमी खोटे लिहितात. जगभरच्या सरकारांनी आणि विमा कंपन्यांनी त्याकडे लक्ष दिले. पुढे तो परिणाम पुन्हा दिसेना. २०२१ मध्ये काही संशोधकांनी मूळ आकडेवारी तपासली, तेव्हा मोटारी किती मैल चालल्या याची नोंद असलेला त्यातला एक संच बनावट असल्याचे उघड झाले आणि निबंध मागे घेण्यात आला. प्रामाणिकपणावरच्या संशोधनातच बनावट आकडे निघावेत, याचे वाईट वाटते. पण तपासणारेही याच क्षेत्रातले होते, त्यांनी आपल्याच लोकांची भीड धरली नाही, हेही तितकेच महत्त्वाचे. ‘एका सहीने माणूस सुधारतो’ छापाच्या गोष्टी व्हॉट्सॲपवर आल्या, तर म्हणूनच थोडे थांबावे.

आईवडिलांना भेडसावणाऱ्या एका काळजीचे उत्तर मात्र बरेच दिलासा देणारे आहे. मूल तीन-चार वर्षांचे झाले, की ‘मी नाही सांडले’ म्हणू लागते आणि घरात खळबळ उडते. टोरांटोचे कांग ली आणि इतर संशोधकांनी ‘मागे वळून खेळणे बघू नकोस’ असे सांगून मुलांना खोलीत एकटे ठेवण्याचे प्रयोग केले. बहुतेक मुले बघतात, आणि वय वाढते तसे ‘नाही बघितले’ म्हणणाऱ्यांचे प्रमाण वाढते. आपल्याला माहीत आहे ते दुसऱ्याला माहीत नसू शकते, हे कळल्याशिवाय खोटे बोलताच येत नाही. त्यामुळे पहिले खोटे ही बुद्धी वाढल्याची खूण असते. त्यावर धपाटा घातला, तर मूल पुढच्या वेळी जास्त सफाईने लपवायला शिकण्याची शक्यता असते.

खोटे ओळखायचे कसे, हा सगळ्यांच्या आवडीचा प्रश्न. नजर चुकवतो म्हणजे खोटे बोलतो, ही समजूत जवळजवळ साऱ्या जगात आहे. २००६ मध्ये एका आंतरराष्ट्रीय गटाने ५८ देशांत विचारणा केली, तेव्हा हेच उत्तर सगळ्यांत वर होते. ते चुकीचे आहे. लाजाळू माणूस नजर चुकवतो, साहेबांसमोर उभा असलेला शिपाई चुकवतो, आणि सराईत ठक डोळ्यांत डोळे घालून बोलतो. त्याच वर्षी चार्ल्स बाँड आणि डीपॉलो यांनी सुमारे २४ हजार लोकांच्या निवाड्यांचा एकत्रित हिशेब मांडला. खरे-खोटे ओळखण्यात माणसे सरासरी ५४ टक्के वेळा बरोबर ठरली. नाणे उडवले असते तर पन्नास टक्के आले असते. खोटे पकडणे हा ज्यांचा व्यवसाय, त्यांची कामगिरीही यापेक्षा फारशी वेगळी नव्हती.

चेहरा सांगत नसेल, तर यंत्र सांगेल, ही आशाही महाराष्ट्राने जवळून पाहिली आहे. २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात मेंदूतील विद्युतलहरींच्या चाचणीचा अहवाल पुराव्यात धरून शिक्षा सुनावली आणि जगभरच्या शास्त्रज्ञांनी भुवया उंचावल्या. आरोपीच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावून गुन्ह्याविषयीची वाक्ये ऐकवायची आणि त्या घटनेचा ‘अनुभव’ मेंदूत साठवलेला आहे का ते पाहायचे, असा तिचा दावा होता. स्वतंत्र शास्त्रज्ञांनी कसून तपासावी, अशी ही पद्धत तोवर झालेलीच नव्हती. पुढे ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य’ या खटल्यात नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूची अशी चाचणी संमतीशिवाय कुणावरही लादता येणार नाही, असा निकाल दिला. तो निकाल अतिशय योग्य होता. पॉलिग्राफ श्वास, घाम आणि नाडी मोजतो. निरपराध माणूस पोलिसांसमोर घाबरला तरी हे सगळे वाढते.

खरी प्रगती झाली ती विचारण्याच्या पद्धतीत. स्वीडनमध्ये मारिया हार्टविग आणि सहकाऱ्यांनी पोलीस प्रशिक्षणार्थींच्या एका गटाला शिकवले, की हातात असलेला पुरावा लगेच संशयितासमोर आपटू नका. आधी त्याला मोकळेपणाने बोलू द्या, मग एकेक बारीक प्रश्न विचारा आणि पुरावा शेवटी काढा. न शिकवलेल्या गटाचे निदान ५६ टक्के वेळा बरोबर आले, शिकवलेल्या गटाचे ८५ टक्के वेळा. खरे बोलणारा आपण होऊन सगळे सांगतो. खोटे बोलणारा पुराव्याच्या जागा टाळत जातो आणि तिथेच त्याचे सांगणे आणि पुरावा यांत फट पडते. खोटे चेहऱ्यावर सापडत नाही, ते तपशिलात सापडते.

आता फसणाऱ्याकडे वळायला हवे, कारण मिरा रोडवरून अमेरिकेला जाणारा फोन आता ठाण्यातल्या घरांत वाजतो आहे. वर्तकनगरच्या म्हाडा वसाहतीत, साई मंदिराच्या आसपासच्या इमारतींत वागळे इस्टेटच्या कारखान्यांतून आणि सरकारी कचेऱ्यांतून निवृत्त झालेली पिढी राहते. मुले पुण्याला, बंगळुरूला किंवा परदेशात. ग्रॅच्युइटी आणि भविष्य निर्वाह निधीचे पैसे मुदत ठेवीत. अशा घरात व्हिडिओ कॉल येतो. खाकी वर्दीतला माणूस सांगतो, तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले, तुमच्या आधार क्रमांकावर काळ्या पैशाचे खाते निघाले, तुम्ही ‘डिजिटल अरेस्ट’मध्ये आहात, कॅमेऱ्यासमोरून हलायचे नाही, मुलालाही कळवायचे नाही. २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी या प्रकाराविषयी सावध केले. भारताच्या कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाची गोष्टच नाही. कुठलीही तपास यंत्रणा व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही आणि पैसेही मागत नाही.

मिरा रोडचा छापील कागद आणि हा फोन शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. सरकारी अधिकाऱ्याचा आव, अटकेची भीती, लगेच निर्णय घेण्याची घाई, आणि फोन ठेवायला बंदी. चारही गोष्टी तशाच. फोन ठेवू न देणे ही यातली सर्वांत हिशेबी चाल. माणूस शेजारी जाऊन ‘अहो, असा फोन आलाय’ एवढे जरी बोलला, तरी सगळा डाव उधळतो, हे ठकाला माहीत असते.

टिम लेव्हीन यांचा सिद्धांत सांगतो, की ऐकलेले खरे मानून चालणे ही माणसाची मूळ वृत्ती आहे. २०२० मधल्या ‘ड्युप्ड’ या पुस्तकात त्यांनी तो सविस्तर मांडला. ही वृत्ती मूर्खपणाची नाही. रिक्षावाला वर्तकनगरला म्हटल्यावर वर्तकनगरलाच नेणार, औषधवाल्याने दिलेल्या गोळीत औषधच असणार, हे धरून चालल्याशिवाय एक दिवसही ढकलता येत नाही. बहुतेक लोक बहुतेक वेळा खरे बोलतात, म्हणून विश्वास ठेवणे बहुतेक वेळा बरोबरच ठरते. ठक याच चांगुलपणावर जगतो. ज्यांनी आयुष्यभर कायदा पाळला, कोर्टाची पायरी चढले नाहीत, तेच ‘अटक’ शब्दाला सर्वांत जास्त घाबरतात.

फोनच्या पलीकडचा माणूसही दर वेळी मोकळा असतो असे नाही. म्यानमार आणि कंबोडियात नोकरीच्या आमिषाने नेलेल्या तरुणांना कुंपणाआड कोंडून ऑनलाइन फसवणुकीची कामे करायला लावली जातात. मार्च २०२५ मध्ये म्यानमारमधल्या अशा केंद्रांतून सुटलेल्या पाचशेहून अधिक भारतीयांना थायलंडमार्गे हवाई दलाच्या विमानांनी परत आणले गेले. तिथे मेंदूला सवय लागायची वाट बघावी लागत नाही, मार पुरतो.

मिरा रोडवर मात्र दार उघडे होते. आणि त्या दारातून दोन मुले बाहेर पडलीही. न्यूयॉर्क टाइम्सने जानेवारी २०१७ मध्ये त्यांची हकीकत छापली. तिथे काम करणाऱ्या या दोन कोवळ्या वयाच्या मुलांनी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनला थेट फोन लावला आणि आत काय चालते ते सांगितले. त्यांच्या आजूबाजूला शेकडो जण तोच कागद वाचत होते, तोच पगार घेत होते. परिस्थितीच माणसाला खोटे बोलायला लावते असे म्हणून सगळ्यांना मोकळे सोडणाऱ्यांनी या दोघांचाही विचार करावा.

अशी माणसे आपल्याला वाटतात त्याहून जास्त असतात. २०१९ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात एक प्रचंड प्रयोग प्रसिद्ध झाला. ४० देशांतल्या ३५५ शहरांत, भारतातही, ‘रस्त्यात सापडले’ असे सांगून १७ हजारांहून अधिक पाकिटे बँका, हॉटेले, पोलीस ठाणी अशा ठिकाणच्या काउंटरवर देण्यात आली. काहींत पैसे होते, काहींत नव्हते. पैसे नसलेल्या पाकिटांबद्दल मालकाला कळवणारे सुमारे ४० टक्के निघाले, पैसे असलेल्यांबद्दल ५१ टक्के. तीन देशांत रक्कम आणखी वाढवली, तर परत करणारे आणखी वाढले. अर्थतज्ज्ञांना आधी अंदाज विचारला होता. त्यांनाही हा निकाल ओळखता आला नव्हता. रक्कम मोठी झाली, की ठेवून घेणे आपल्यालाच चोरी वाटू लागते, असे संशोधकांचे स्पष्टीकरण. फाशाच्या खेळात चार सांगून थांबलेल्या माणसाचे मन इथेही काम करत होते.

पुन्हा फसणाऱ्यांकडे. फसवले गेलेल्या घरात पुढचे काही तास काय होते, याला फार महत्त्व आहे. बहुतेक ठिकाणी पहिला प्रश्न येतो, ‘एवढे शिकलेले असून तुम्हाला कळले कसे नाही?’ या प्रश्नाच्या धास्तीने कित्येक आजी-आजोबा दोन-दोन दिवस गप्प बसतात, आणि तेवढ्यात पैसे पाच-सात खात्यांतून फिरून नाहीसे होतात. सायबर फसवणुकीसाठी राष्ट्रीय मदत क्रमांक आहे, १९३०. तिथे तक्रार नोंदली, की पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेला सूचना जाते आणि रक्कम अजून तिथे असेल तर रोखून धरता येते. सून, मुलगा किंवा शेजारी जो कुणी आधी पोचेल, त्याने विचारायचे ते एवढेच, की पैसे कधी गेले, किती गेले आणि कुठल्या खात्यातून. बँकेच्या मेसेजमधला व्यवहार क्रमांक कागदावर उतरवून घ्यायचा, आजोबांना शेजारी बसवायचे आणि १९३० लावायचा. जबाब द्यायला वर्तकनगर पोलीस ठाण्यात त्यांच्याबरोबर जायचे ते त्यानंतर.